पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते: जुन्या डिझेल व्हॅनच्या कामाच्या नोंदी

गाडी २००९ ची, चार सिलिंडरची साधी डिझेल व्हॅन. टर्बो नाही, कॉमन रेल (नवीन गाड्यांतली कॉम्प्युटरनं चालणारी डिझेल पुरवठ्याची पद्धत) नाही, कॉम्प्युटर नाही. नोझलांना डिझेल पुरवणारा रोटरी पंप, थंड सिलिंडर आतून तापवणारे हीटर प्लग आणि इंजिन पुढच्या सीटखाली. काम दुधाचं. कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या आमच्या बाजूच्या गावांतून पहाटे कॅन गोळा करायचे आणि संकलन केंद्र बंद व्हायच्या आत पोचवायचे. दिवाळीनंतर गारवा पडला तशी गाडी पहाटे रुसायला लागली. दुपारी मात्र अर्ध्या चावीत उठते.

आमच्या भागात अशा गाड्या अजून भरपूर आहेत. त्यांच्या मालकांना पहिला सल्ला मिळतो बॅटरी बदलायचा आणि दुसरा पंप खोलायचा. दोन्ही खर्चाचे. म्हणून जे जे केलं ते तारखेनिशी आणि खर्चासकट लिहून ठेवतो आहे. कॉमन रेल गाडीवाल्यांना यातलं बॅटरी आणि अर्थिंगचं (बॅटरीचा मायनस इंजिनच्या लोखंडाला जोडण्याचं) तेवढं कामी येईल, बाकीचं त्यांनी आपल्या गाडीवर करून बघू नये.

८ डिसेंबर

आज काही खोललं नाही, फक्त बघितलं. दुधाचं थर्मामीटर रात्रभर बाहेरच्या आरशाला टांगून ठेवलं होतं. पहाटे सव्वाचारला ११ अंश. हीटरचा दिवा लागला, विझला, सेल्फ मारला. भाच्याला टॉर्च देऊन मागे सायलेन्सरपाशी उभं केलं होतं.

"मामा, धूरच नाही!"

दहा सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा दहा सेकंद. एका दमात यापेक्षा जास्त मारू नये, सेल्फची वाइंडिंग तापते आणि बॅटरीही बसते. बऱ्याच वेळानं एक ठसका आला, मग पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर, मग तीन सिलिंडरवर धडधडत कशीबशी चालू. दोन-तीन मिनिटांत आवाज सरळ झाला. बंद करून लगेच चावी मारली तर पटकन उठली.

धुराची ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिला एक पैसा लागत नाही. सेल्फ जोरात फिरतो आहे आणि मागून धूर अजिबात नाही, तर डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या तोटीपर्यंत, पोचलेलंच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतं आहे, पेटायला आत गरमी नाही. माझ्या गाडीत आधी धूर नाही आणि मग पांढरा धूर, अशी दोन्ही लक्षणं एकामागून एक दिसली. आज त्याचा अर्थ नीट लागला नाही.

शेजारचे काका सगळा प्रकार बघत होते. त्यांचं म्हणणं, "डिझेल गोठून राहिलं बाप्पा, टाकीखाली थोडी शेकोटी कर." हे कोणीही करू नका. आपल्याकडे डिझेलला आयएस १४६० हे मानक आहे. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा ६ अंश आहे आणि बाकीच्या महिन्यांसाठी १८ अंश. म्हणजे पंपावरून ताजं भरलेलं हिवाळी डिझेल ११ अंशांना फिल्टर तुंबवणार नाही. उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल थंडीत वापरणाऱ्यांनी मात्र या गोष्टीकडे लक्ष द्यावं. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. तसली रात्र आली तर गोष्ट वेगळी, पण रोजच्या आमच्या थंडीत दोष डिझेलच्या माथी मारता येत नाही.

दुसरा सल्ला एअर फिल्टरपाशी कागद पेटवून धरायचा, तिसरा स्टार्टिंग स्प्रे मारायचा. हीटर प्लगच्या गाडीत स्प्रे कधीच नको. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन, रिंग तुटू शकते.

आज केंद्रावर पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. दूध परत आणलं. आई दुपारभर चुलीपुढे बसून खवा आटवत होती.

९ डिसेंबर

बॅटरीपासून सुरुवात केली, कारण मोजायला ती सोपी. रात्री गाडी थंड झाल्यावर १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे ठीक. सेल्फ मारताना ९.१ वर येते. ९.६ च्या खाली जायला नको, असा साधारण हिशेब आहे. बॅटरीवाल्याला हा आकडा सांगितला असता तर त्यानं सात हजारांची नवीन बॅटरी लगेच गाडीत ठेवून दिली असती.

त्याऐवजी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर घासलेल्या जागी धरली, आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. ०.९ व्होल्ट. ही जागा तशी एकच, बॅटरीचा मायनस आणि इंजिनचं लोखंड. इथे ०.२-०.३ पेक्षा जास्त दिसायला नको. म्हणजे व्होल्टेज वाटेतच पडत होतं.

अर्थिंगची पट्टी इंजिनला जिथे बोल्टनं बसते तो बोल्ट काढला. वॉशरखाली रंगाचा थर आणि त्यावर हिरवी भुकटी. पट्टीच्या तारा टोकाशी अर्ध्याअधिक तुटलेल्या. जागा पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासली, नवीन पट्टी टाकली (१८० रुपये), बॅटरीच्या खुंट्या खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुऊन कोरड्या केल्या आणि वरून व्हॅसलीन लावलं. आता सेल्फ मारताना अर्थिंगवर ०.१५ आणि बॅटरी १०.२. सेल्फचा आवाजच बदलला.

१० डिसेंबर

१० अंश. सेल्फ चांगला फिरतो. गाडी तरीही उशिराच उठली, आणि सुरुवातीला पुन्हा धूर नाही. कालचं काम गरजेचं होतं, पण मूळ दुखणं ते नव्हतं.

११ डिसेंबर

चावीला हात लावण्याआधी डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) दाबून बघितला. मऊ, पोकळ. बराच वेळ दाबल्यावर हाताला कडक लागला. मग सेल्फ मारला तर पहिल्या फेऱ्यापासून पांढरा धूर. पकडायला वेळ लागला, तरी कालच्या निम्मा. संध्याकाळी फेरी करून आल्यावर प्रायमर दाबला तर कडक.

म्हणजे दिवसभर पाईपात असलेलं डिझेल रात्री टाकीकडे परत उतरतं. रोटरी पंपाच्या या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून येतं, मागून कोणी ढकलत नाही. त्यामुळे कुठे बारीक फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही. म्हणूनच हा दोष महिनोन्महिने कोणाला दिसत नाही.

खात्री करायला रात्री गाडी खळ्याच्या उतारावर नाक खाली करून लावली. टाकी मागे आहे, ती वर गेली. हँडब्रेक आणि चाकाला दगड, दोन्ही.

१२ डिसेंबर

उतारावरची गाडी लवकर उठली. प्रायमरला हात लावावा लागला नाही. थरथर आणि पांढरा धूर मात्र तसाच. ज्यांना आज कामावर जायचंच आहे त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत उतार शोधावा, काम निभतं.

१३ डिसेंबर

आर्वीच्या बाजारातून डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी आणली, ७० रुपये. दवाखान्यातली सलाईनची नळी लावू नका, डिझेलनं ती कडक होते आणि क्लिपपाशी फाटते. नळीचा तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बसवला, गाडी चालू केली.

"मामा, हे पाय, बुडबुडे येऊन राह्यले!"

मोहरीएवढे, एकामागून एक, सतत. मग तोच तुकडा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावला. तिथे स्वच्छ डिझेल, एक बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंतचा लांब पाईप निर्दोष, हवा फिल्टरपाशीच शिरते. या एका तुकड्यानं गाडीखाली झोपून सगळा पाईप तपासायचं काम वाचवलं.

फिल्टर काढला. वरच्या घरात जुनं रबरी रिंग चिकटून बसलेलं होतं आणि त्यावर नवीन. मागच्या सर्व्हिसला ज्यानं फिल्टर बदलला त्यानं जुनं रिंग काढलंच नाही. दोन रिंगा एकमेकींवर कधीच नीट बसत नाहीत. जुनं रिंग स्क्रूड्रायव्हरनं न खरवडता नखानं आणि लाकडी काडीनं काढलं, नाहीतर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडून नवीनच वाट तयार होते. नवीन फिल्टर ४२० रुपये. खालच्या वाटीत चमचाभर पाणी आणि काळसर गाळ निघाला.

हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत प्रायमर दाबला. नोझलच्या पाईपाचे नट सैल करून हवा काढायची वेळ आली तर बोटं दूर आणि डोळ्यांवर चष्मा. त्या पाईपातल्या दाबानं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि तशी जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी थेट दवाखाना गाठावा लागतो.

बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत.

१४ डिसेंबर

फिल्टरच्या डोक्यावरचा प्रायमर उलगडला. आतल्या रबरी पडद्याला बारीक चीर. पहिल्यांदा २६० रुपयांचा हलका प्रायमर टाकला, तो दाबतानाच बाजूनं डिझेल थुंकायला लागला. परत घेतला नाही दुकानदारानं. मग ९५० चा चांगला आणला. इथे पैसे वाचवायला जाऊ नये.

आता नळीत बुडबुडे जवळजवळ नाहीत. मधूनच एखादा.

१५ डिसेंबर

बाटलीची तपासणी. डिझेल पोचतं की नाही हा प्रश्न एकदाचा बाजूला काढायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. एक लिटरची बाटली धुऊन वाळवून स्वच्छ डिझेलनं भरली, पंपापेक्षा उंच जागी तारेनं पक्की बांधली. पंपात जाणारी नळी बाटलीत, पंपाकडून परत येणारी नळीही बाटलीतच. टाकी, पाईप, फिल्टर सगळे बाहेर. अशी रात्रभर ठेवली. ही फक्त उभ्या गाडीची तपासणी आहे, बाटली लावून रस्त्यावर जायचं नाही. खाली गरम मॅनिफोल्ड असतो.

१६ डिसेंबर

९ अंश. आज दोन गोष्टी एकदम कळल्या.

पहिली: सेल्फच्या पहिल्या फेऱ्यापासून दाट पांढरा धूर, अंगण भरून. डिझेल पोचत होतं यात शंका नाही. तरीही इंजिन पकडेना. म्हणजे हवेचा दोष पूर्ण काढला तरी गाडी थंडीत लवकर उठणार नव्हती. खाली दुसरा दोष दबलेला होता. ८ तारखेला आधी धूर नाही आणि मग पांढरा धूर असं जे दिसलं, त्याचा अर्थ आज लागला. तोपर्यंत एक काम केलं आणि फरक पडला नाही की वाटायचं, हे नव्हतंच. फरक पडत होता, लक्षण बदलत होतं.

दुसरी: शेवटच्या नोझलच्या डोक्यावरची बंद टोपी ओली. बाटली उंचावर असल्यानं परतीच्या नळ्यांत डिझेलचा दाब उलटा झाला होता. एरवी जी फट हवा ओढायची, ती आज डिझेल गाळत होती. नोझलांना जोडणाऱ्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या त्या बारीक, कापडी वेष्टणाच्या परतीच्या नळ्या हातात घेतल्या तर वाळल्या तुऱ्हाटीसारख्या कट्कन तुटल्या. इंजिन सीटखाली, वरून मे महिन्यातलं आमचं ४५ अंशांचं ऊन, त्यात रबर किती टिकणार? नवीन नळी अर्धा मीटर आणि टोपी मिळून ६० रुपये. एवढ्याशा वस्तूनं रोज रात्री पाईप रिकामा केला.

नळ्या बदलल्या, बाटली काढली, सगळं पूर्ववत जोडलं. पारदर्शक नळीत आता एकही बुडबुडा नाही.

१७ डिसेंबर

प्रायमर पहाटेही कडक. धूर पहिल्या फेऱ्यापासून. हवेचा विषय संपला. पारदर्शक नळी काढून तिथे कायमची डिझेल नळी आणि नवीन क्लिपा टाकल्या.

१९ डिसेंबर

हीटर प्लग. चारही प्लगांना जोडणारी पत्री काढली, कारण ती लावलेली असताना मीटर चौघांचं मिळून दाखवतो आणि काही कळत नाही. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून तारेचा स्वतःचा आकडा बघून घेतला आणि तो प्रत्येक वेळी वजा केला. चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहमच्या आत असतो. माझे: पहिला ०.८, दुसरा बंद (आतली तार तुटलेली), तिसरा बंद, चौथा ६. म्हणजे चारात एकच धड.

मीटर नसेल तर बॅटरीच्या प्लसला जोडलेला टेस्टिंग लॅम्प प्लगच्या डोक्याला लावावा. लागला तर तार शाबूत. पण माझ्या चौथ्यासारखा अर्धमेला प्लग लॅम्प लावून पकडता येत नाही.

हे प्लग कधी मेले असतील? माझ्या मते निदान दोन उन्हाळे झाले. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत विदर्भात इंजिन रात्रीही एवढं थंड होत नाही की प्लगची गरज पडावी. प्लग मेलेला असला तरी गाडी उठते आणि मालकाला कळत नाही. मागच्या हिवाळ्यात थोडी थरथर होती, ती मी डिझेलच्या माथी मारली होती. आमच्याकडचं ऊन प्लगचा दोष लपवतं आणि तेच ऊन रबरी नळ्या वाळवतं. मग थंडी पडली की दोन्ही एकदम समोर येतात, आणि प्रत्येकजण एकच कारण शोधत बसतो.

२० डिसेंबर

प्लग काढणं हे या सगळ्यातलं भीतीचं काम. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत पाळी येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुळाशी सोडून ठेवलं. आज फेरीवरून आल्याबरोबर, इंजिन गरम असताना काम धरलं. लांब सॉकेट, छोटा हँडल, म्हणजे जोर आपोआप मर्यादित राहतो. थोडं सैल, पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा तेल, पुन्हा सैल. तीन निघाले. चौथा फायरवॉलकडचा, हात जात नाही, हलेना. त्याला तसंच सोडलं, गाडी पुन्हा गरम केली, तेल सोडलं, जेवून आलो. रात्री उशिरा करकर आवाज करत सुटला. कोणी घाई केली असती तर तो नक्की मोडला असता.

तिसऱ्याचं टोक फुगून भोकात अडकलं होतं. फुगलेलं टोक आत तुटून पडलं तर पिस्टनवर जातं, म्हणून असा प्लग वळवत वळवत हळूच ओढायचा. भोकातला काजळीचा थर ग्रीस लावलेल्या बारीक काडीनं पुसून काढला. ग्रीसला काजळी चिकटून बाहेर येते, आत पडत नाही.

२१ डिसेंबर

नवीन प्लग घेताना अंगावरचा नंबर आणि व्होल्ट जुन्याशी जुळवून घ्या. दिसायला सारखे पण कमी व्होल्टचे प्लग मिळतात, ते १२ व्होल्टवर लगेच जळतात. ४५० चा एक, चार घेतले.

बसवण्याआधी प्रत्येक प्लग बाहेरच पेटवून बघितला. संध्याकाळी गोठ्याच्या ओट्यावर, अंधार पडल्यावर. भाच्यानं लांब पकडीत प्लगचं षट्कोन धरलं, मी जंपर केबल लावली. काही सेकंदांत अगदी टोकाशी फिकट लाली आली, मग ती लाल झाली, नारिंगी झाली आणि खाली दांड्याकडे उतरली. चौघांपैकी एकाची लाली मधूनच सुरू झाली आणि टोक काळंच राहिलं. टोक आधी तापायला हवं, कारण डिझेलचा फवारा तिथेच येतो. तो प्लग दुकानात बदलून घेतला. बघताना डोळे लांब ठेवा आणि नंतर बराच वेळ प्लगला हात लावू नका, लाली गेली तरी चटका बसतो.

बसवताना आट्यांना किंचित अँटिसीझ ग्रीस, हातानं पूर्ण फिरवून मग सॉकेटनं हलकं आवळलं. प्लग बारीक असतो, त्याला चाकाच्या नटाचा जोर लागत नाही.

२२ डिसेंबर

८ अंश. दिवा विझला, सेल्फ मारला, दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात इंजिन पकडलं. थोडी थरथर, थोडा धूर, मिनिटभरात साफ. केंद्रावर वेळेच्या आधी.

२६ डिसेंबर

पुन्हा वाईट. पांढरा धूर, पकडत नाही. प्रायमर कडक, म्हणजे हवा नाही. प्लगची पत्री काढून मोजलं तर चारही प्लग चांगले. पत्रीला येणाऱ्या तारेवर चावी मारून व्होल्ट बघितले: १२.३. सगळं बरोबर आणि गाडी मात्र उठत नाही, असं झालं.

मग पत्री पुन्हा लावून, प्लग जोडलेले असताना मोजलं. ७.८ व्होल्ट. प्लगांना करंट सोडणारा रिले टक् वाजत होता, पण आतले पॉइंट जळून काळे झालेले. भार नसताना तिथून १२ व्होल्ट जातात. चार प्लग मिळून पन्नासेक अँपिअर ओढायला लागले की तिथेच अडकतात. आधी दोन प्लग मेलेले असल्यानं रिलेवर ओझं कमी होतं, म्हणून तो तगून होता. नवीन चार प्लगांनी त्याचा उरलासुरला जीव काढला.

नवीन रिले ५२० रुपये. आवाज ऐकून रिले चांगला म्हणू नका, प्लग जोडलेले असताना प्लगच्या डोक्यावर मोजा. आता तिथे ११.१ येतात.

३ जानेवारी

गाडी रोज लगेच उठते आहे. पण पहिला मिनिटभर एक सिलिंडर कमी बोलतो, ते मनाला पटत नव्हतं. एका गॅरेजनं आधीच सांगून ठेवलं होतं की पंप खोलावा लागेल, १८ हजार. चारही नोझल काढून अमरावतीला पंपाचं काम करणाऱ्या चाचांकडे घेऊन गेलो.

चाचांनी प्रत्येक नोझल हाताच्या टेस्टरवर लावून दाबली. तिघींचा फवारा बारीक धुक्यासारखा आणि १२५ बारच्या आसपास उघडत होता. चौथी ९५ लाच उघडली, फवाऱ्याऐवजी धार, आणि टोकाशी थेंब लोंबत राहिला. त्यांनी तो थेंब बोटावर घेऊन मला दाखवला.

"पंप कायले खोलतं? पंप बरा हाय. या एका नोझलनं तुले रडवलं."

एक नोझल नवीन ८५०, चौघींची तपासणी ४००, खालचे वॉशर १६०. हे वॉशर प्रत्येक वेळी नवीनच टाकायचे, आणि त्यांची एक बाजू ठरलेली असते. काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, तो कामी आला. जुना वॉशर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, तेही टॉर्च मारून बघा.

नोझल काढलेल्या असतानाच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) बघून घ्यावं असं चाचा म्हणाले होते, म्हणून गावी आल्यावर गेज मागून आणला. २७, २७, २६, २५ बार. इंजिन निरोगी आहे.

९ जानेवारी

ऑइल बदलायची वेळ झालीच होती. जाड २०डब्ल्यू-५० ऐवजी कंपनीच्या पुस्तकात दिलेलं, त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० टाकलं. थंड इंजिनावर सेल्फ आणखी हलका फिरतो. हा खर्च खाली धरलेला नाही, तो एरवीही होताच.

१५ जानेवारी

संक्रांतीची पहाट चांगलीच गार होती, ७ अंश. आजही तसंच. गाडी दोन्ही दिवस पहिल्या सेल्फला उठली, चारही सिलिंडरवर. धूर नावापुरता.

एकूण खर्च ५६७० रुपये, त्यातले हलक्या प्रायमरचे २६० वाया. याच गाडीसाठी मला बॅटरीचे सात हजार आणि पंपाचे १८ हजार सांगितले गेले होते. दोन्ही वस्तू आजही जुन्याच आहेत आणि नीट चालतात. वेळ बराच गेला, आणि त्यातला सगळ्यात जास्त चौथ्या प्लगपाशी.

डॅशबोर्डच्या खणात आता परतीच्या नळीचा तुकडा, दोन टोप्या, एक जादा हीटर प्लग आणि ती पारदर्शक नळी ठेवली आहे. शेजारच्या गावातल्या एका गाडीला लगेच तिचा उपयोग झाला, तिथे हवा टाकीवरच्या पाईपातून शिरत होती.

राहिलेलं एकच काम आहे. फिल्टरच्या वाटीतला गाळ टाकीतूनच आलेला असणार. टाकी उतरवून आतली जाळी धुवायची आहे. त्याला गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागेल, म्हणून हरभरा निघाल्यावर, दुसऱ्या गाडीची सोय झाली की करणार.